रग्बी

एक पाश्चात्त्य सांघिक मैदानी खेळ. लंबगोलाकार चेंडू हातांत घेऊन धावणे, तो बाजूच्या वा मागच्या सहकाऱ्याकडे फेकणे, लाथेने उडविणे आणि चेंडू बाळगणाऱ्या प्रतिपक्षीय खेळाडूस धरून खाली पाडणे, ही ह्या खेळाची प्रमुख वैशिष्ट्ये होत. इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यातील रग्बी ह्या गावच्या शाळेवरून खेळास हे नाव पडले. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : प्रत्येकी १५ खेळाडूंचा ‘रग्बी युनियन’ आणि प्रत्येकी १३ खेळाडूंचा ‘रग्बी लीग’. मूळ एकच असलेल्या ह्या खेळाची फारकत १८९५ मध्ये झाली. तिचे कारण खेळाच्या नियमांत नव्हते. ते खेळाडूंच्या बुडणाऱ्या मजुरीत होते. रग्बीतील प्रारंभीच्या स्पर्धांचे स्वरूप, तसेच खेळाच्या उगमासंबंधीची सुप्रसिद्ध आख्यायिका, ह्या दोहोंचा उलगडा ह्या वादाच्या संदर्भात अधिक चांगला होतो.

खेळाचे स्वरूप : दोन गोलरेषांमधील मैदानाची लांबी जास्तीत जास्त १०० मी. आणि रुंदी जास्तीत जास्त ७० मी. असते. प्रत्येक गोलरेषेवर इंग्रजी ‘एच्’ अक्षराच्या आकाराचे गोलखांब उभारलेले असून दोन खांबांतील अंतर ५·६ मी. व आडव्या दांड्याची जमिनीपासून उंची ३ मी. असते. सामना ४० मिनिटांच्या दोन डावांत खेळला जातो. चेंडू हाताने पुढे फेकण्यास मनाई आहे. पुढे सरकावयाचे तर तो घेऊन धावावे लागते किंवा लाथेने उडवावा लागतो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविल्यास ‘ट्राय’ मिळते. ट्राय ह्या शब्दाचा अर्थ ‘प्रयत्न’ असा असून त्यात खेळाचा बराचसा इतिहास साठविलेला आहे. आरंभी गोलरेषेपलीकडे चेंडू टेकविण्यास स्वतंत्र मोल नव्हते. त्यामुळे फक्त आडव्या दांड्यावरून चेंडू उडविण्याचा प्रयत्न करण्याचा हक्क मिळे आणि जय-पराजय केवळ गोलांवर ठरे. गोलसंख्या समान असल्यास ट्राय मोजून निर्णय द्यावा, असे १८७५ मध्ये ठरले आणि पुढील दशकात गुणपद्धती आली. त्यानंतर ट्रायचे मोल उत्तरोत्तर वाढत गेले. १९९२ पासून युनियन प्रकारात ट्रायला ५ गुण मिळतात, तर तिच्यापाठोपाठच्या यशस्वी लाथेस २ गुण मिळतात.

इतिहास : इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून गावोगावी चेंडूचे सामुदायिक खेळ चालत. विशेषतः ईस्टरपूर्व उपवासकाल सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी एका गावाचे वा पेठेचे शेकडो लोक दुसऱ्यांविरुद्ध उतरत. त्या खेळांना मैदानाची सीमा नसे, खेळाडूंची संख्या ठरलेली नसे आणि चेंडू हाताने न्यावा की पायाने, ह्याविषयीही निर्बंध नसे. त्यातून होणाऱ्या दंगलींमुळे लंडनच्या नगरपालाने १३१४ मध्ये असा खेळ खेळण्यास मनाई केली. पुढील शतकांत अशी अनेक फर्माने निघाली. एवढ्या वेळा मनाई करावी लागली, ह्यावरूनच तिचा परिणाम किती झाला हे दिसते. १८३५ च्या महामार्ग अधिनियमाने मात्र सार्वजनिक रस्त्यांवर फुटबॉल खेळणे दंडनीय ठरले. डर्बिशर परगण्यातील ॲशबर्न, वॉरिकशरमधील ॲथरस्टन इ. काही मोजक्या गावी ही जुनी प्रथा आजही टिकून आहे.

रस्त्यांवरून हटलेला हा खेळ इंग्लंडमधील श्रीमंत निवासी शाळांच्या आवारात मात्र चांगलाच रुजला. ईटन, हॅरो, विंचेस्टर, वेस्टमिन्स्टर अशा प्रत्येक शाळेचे नियम निराळे होते व ते बहुधा उपलब्ध जागेवर अवलंबून असत. फरसबंद चौकात एकमेकांस पाडणे धोक्याचे असल्याने तेथे पायांचा खेळ वाढला. रग्बीच्या शाळेस ‘क्लोज’ नावाचे विस्तीर्ण हिरवळीचे मैदान लाभले होते. तेथे एका बाजूस पन्नासहून अधिक मुले उतरत आणि सामने काही वेळा अनेक दिवस चालत. टॉमस आर्नल्ड (१७९५–१८४२) हे १८२८ पासून ह्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शिस्तीचा बराचसा भार वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांवर सोपविण्याची त्यांची पद्धत होती. खेळाचे नियमही विद्यार्थीच ठरवीत व बदलीत. २८ ऑगस्ट १८४५ रोजी तेथील विद्यार्थ्यांनी ३७ नियम लेखी स्वरूपात सिद्ध केले. रग्बीचे हे पहिले लिखित नियम होत. ज्यांना खेळ आधीच ठाऊक आहे, अशांसाठी वादग्रस्त मुद्यांचा निर्णय करणे एवढाच त्यांचा उद्देश असल्याने त्यांवरून नवख्या वाचकास खेळ समजणे कठीणच आहे. ह्या शाळेतील खेळाचे वर्णन टॉमस ह्यूझ ह्यांच्या टॉम ब्राउन्स स्कूल डेज (१८५७) ह्या कादंबरीत आले असून तिच्या लोकप्रियतेमुळे ‘रग्बी’ हे नाव साऱ्या इंग्रजी भाषिक जगात पोहोचले.

लंबगोल चेंडूचा उगमही ह्याच गावचा. शाळेशेजारी पादत्राणे करणारे विल्यम गिल्बर्ट व रिचर्ड लिंडन हे कारागीर डुकराच्या फुग्यावर (मूत्राशयावर) चामडे शिवून चेंडू तयार करीत. फुगा तोंडाने फुगवावा लागे आणि त्याचा नैसर्गिक आकार चेंडूस येई. गिल्बर्ट ह्यांचा चेंडू १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडण्यात आला होता. पुढे लिंडन ह्यांनी रबरी फुगा व तो भरण्यासाठी पितळी पंप वापरात आणला. रबरी फुग्यामुळे चेंडू पूर्ण गोल करणे शक्य झाले. तथापि हातात धरण्यास सोयीचा म्हणून लंबगोल आकारच रूढ राहिला व १८९२ मध्ये तो नियमाने बंधनकारक झाला.

वेब एलिसची आख्यायिका : विल्यम वेब एलिस (१८०६–७२) ह्या विद्यार्थ्याने १८२३ मध्ये फुटबॉल खेळत असताना नियम झुगारून चेंडू उचलला व तो घेऊन धाव घेतली आणि त्यातून रग्बीचा जन्म झाला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिचा आधार अतिशय क्षीण आहे. ती प्रथम मॅथ्यू ब्लॉक्सम ह्या माजी विद्यार्थ्याने १८७६ मध्ये शाळेच्या नियतकालिकातून मांडली व १८८० मध्ये थोड्या फरकाने पुन्हा सांगितली. पहिल्या वेळी त्याने दिलेले वर्ष १८२४ होते. दुसऱ्या वेळी ते १८२३ झाले. कथित घटनेपूर्वीच ब्लॉक्समने शाळा सोडलेली होती. एलिस स्वतः धर्मोपदेशक झाला आणि फ्रान्समधील मांतों येथे १८७२ मध्ये वारला. म्हणजे कथा छापली गेली, तेव्हा तिचा नायक हयात नव्हता. आपण एखादा खेळ शोधून काढल्याचे त्याने कधी म्हटल्याची नोंद नाही. चेंडू हातांत झेलणे त्या काळी शाळेत नियमबाह्य नव्हतेच. प्रश्न फक्त तो घेऊन पुढे धावण्याचा होता.

माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने १८९५ मध्ये ह्या प्रकरणी चौकशी समिती नेमली. तिच्यापुढील सर्वांत मोलाची साक्ष ह्यूझ ह्यांची. ते १८३४ मध्ये शाळेत दाखल झाले, तेव्हा एलिसची कथा कोणाच्याही तोंडी नव्हती. चेंडू घेऊन गोलरेषेपार धावणे त्या वेळी स्पष्टपणे निषिद्ध नसले, तरी ते करणारा मुलगा जिवावर उदार झाला असेच समजले जाई. जेम मॅकी ह्या धिप्पाड विद्यार्थ्याने १८३८-३९ च्या सुमारास ही पद्धत गाजविली आणि १८४१-४२ मध्ये तिला रीतसर मान्यता मिळाली, असे ह्यूझ ह्यांनी सांगितले. एवढे असूनही समितीने आपल्या अहवालात (१८९७) एलिसकडेच श्रेय झुकविले आणि १९०० मध्ये शाळेच्या भिंतीवर त्याच्या नावाची शिला बसविण्यात आली. हा काळ लक्षणीय आहे. १८९५ ह्याच वर्षी उत्तर इंग्लंडमधील कामगारांचे संघ मूळ संघटनेतून बाहेर पडले होते. हा खेळ गावोगावच्या जत्रांतून आलेला नसून एका प्रतिष्ठित शाळेच्या अंगणात एका विद्यार्थ्याने निर्माण केला, हे शिलेवर कोरण्याची निकड नेमकी तेव्हाच भासावी, ह्याला अनेक इतिहासकार निव्वळ योगायोग मानीत नाहीत. जागतिक विजेतेपदाचा चषक एलिसच्याच नावाचा असल्याने ही कथा आता पुसली जाणे अवघड आहे.

संघटना व पहिला आंतरराष्ट्रीय सामना : शाळा सोडलेल्या तरुणांनी विद्यापीठांत, इस्पितळांत व शहरांत संघ काढले. डब्लिन विद्यापीठ (१८५४) व लंडनजवळील ब्लॅकहीथ (१८५८) हे त्यांपैकी जुने संघ होत. सर्व शाळांना मान्य होईल असा एकच खेळ सिद्ध करावा, ह्या हेतूने १८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. चेंडू हातांत घेऊन धावणे आणि प्रतिपक्षीयाच्या नडगीवर लाथ मारणे (हॅकिंग) ह्या दोन बाबींस अनुमती देणारी कलमे मसुद्यातून वगळण्यात आल्यामुळे ब्लॅकहीथने संघटना सोडली. नडगीवरील लाथ हे पौरुषाचे लक्षण मानले जात होते. नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांनी असे धोके का पत्करावेत, असा विरोधकांचा प्रश्न होता. पुढे रग्बी संघांनाही तोच प्रश्न पडला. २६ जानेवारी १८७१ रोजी लंडनमधील पॉल मॉल उपाहारगृहात २१ संघांच्या प्रतिनिधींनी ‘रग्बी फुटबॉल युनियन’ स्थापन केली. वॉस्प्स ह्या संघाचा प्रतिनिधी भलत्याच ठिकाणी गेल्यामुळे त्या संघाचा संस्थापकांत समावेश होण्याचे राहून गेले. रग्बी शाळेत शिकलेल्या तीन वकिलांनी नियमांचा मसुदा केला. ज्या लाथेसाठी आठ वर्षांपूर्वी फारकत घेतली होती, ती ह्या नियमांनी बंद करण्यात आली.

दरम्यान लंडनमध्ये असोसिएशन पद्धतीने झालेल्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यांत स्कॉटलंडचे म्हणून खेळलेले बहुतेक जण लंडननिवासी होते. हे न रुचल्याने पाच स्कॉटिश संघांच्या कर्णधारांनी डिसेंबर १८७० मध्ये वृत्तपत्रांतून रग्बी पद्धतीच्या सामन्याचे आव्हान दिले. त्यानुसार २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरो येथील रेबर्न प्लेस मैदानावर सु. ४,००० प्रेक्षकांसमोर पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. प्रत्येक बाजूस २० खेळाडू होते. स्कॉटलंडने एक गोल व एक ट्राय मिळविली. इंग्लंडला एका ट्रायवर समाधान मानावे लागले. स्कॉटलंडच्या वादग्रस्त ट्रायला मान्यता देणारे पंच एच्. एच्. आमंड हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. आपला निर्णय बरोबर होता की नाही हे आपल्याला ठाऊक नाही; पण शंका असेल तेथे अधिक आरडाओरडा करणाऱ्या बाजूविरुद्ध निकाल द्यावा, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. १८७७ मध्ये संघाची खेळाडूसंख्या २० वरून १५ वर आली, त्यामुळे घोळक्यातील ढकलाढकली कमी होऊन खेळ मोकळा व वेगवान झाला.

स्पर्धांचा आरंभ : इंग्लंडमधील रग्बी संघटना चषक-स्पर्धांविषयी प्रथमपासून साशंक होती. चषक आला की ईर्षा येते, प्रेक्षक येतात, पैसा येतो आणि सभ्य गृहस्थांचा खेळ धंदेवाईक होतो, अशी तिची धारणा होती. ह्या धारणेचा एक फलित म्हणून भारताचे नाव रग्बीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. १८७२ च्या नाताळाच्या दिवशी कलकत्त्यात तेथील इंग्रज रहिवाशांनी इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स असा सामना खेळला. त्यातून जानेवारी १८७३ मध्ये ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ निघाला व पुढील वर्षी तो इंग्लंडमधील संघटनेस संलग्न झाला. बंगालच्या हवेत हा दमछाक करणारा खेळ टिकविणे सोपे नव्हते. पोलो व टेनिसकडे सभासदांचा ओढा वाढला आणि क्लबमधील मोफत मद्याची सोय बंद झाल्यावर तर उपस्थिती झपाट्याने घटली. अखेर क्लब विसर्जित करण्याचे ठरले. बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेण्यात आली व २७० रुपये वितळवून त्यांचा सु. ४५ सेंमी. उंचीचा चषक घडविण्यात आला. त्याला नागांच्या आकृतींच्या तीन मुठी असून झाकणावर हत्ती आहे. क्लबचे पदाधिकारी जी. ए. जेम्स रॉथनी ह्यांनी हा चषक संघटनेस देऊ केला, तेव्हा तो क्लबांमधील वार्षिक स्पर्धेसाठी वापरावा, अशी क्लबची इच्छा होती. संघटनेने ती मानली नाही. चषक इंग्लंड-स्कॉटलंड वार्षिक सामन्यासाठी ठेवण्यात आला. १० मार्च १८७९ रोजी एडिंबरो येथे झालेला पहिला सामना अनिर्णित राहिला आणि १८८० मध्ये मँचेस्टर येथे इंग्लंडने चषक प्रथम जिंकला. कलकत्ता चषक हा आंतरराष्ट्रीय रग्बीतील सर्वांत जुना चषक होय. १८८४ पासून कलकत्त्यात रग्बी पुन्हा सुरू झाली, मुंबईतही बॉम्बे जिमखान्याने ती जोपासली आणि १९२० नंतरच्या दशकात अखिल भारतीय स्पर्धा भरू लागली. तथापि गोऱ्या पलटणी व व्यापारी पेढ्या ह्यांच्या वर्तुळाबाहेर हा खेळ स्वातंत्र्यपूर्व काळात फारसा गेला नाही. भारतीय संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये सिंगापूरविरुद्ध खेळला.

क्लबांच्या चषकाला लंडनमधील वरिष्ठांचा विरोध असला, तरी तो सर्वत्र मानला गेला नाही. लंडनमधील इस्पितळांच्या संघांसाठी १८७५ मध्ये सुरू झालेली स्पर्धा ही आजवर चालू असलेली सर्वांत जुनी चषक-स्पर्धा मानली जाते. त्याहून दूरगामी परिणाम यॉर्कशर चषकाने (१८७७) घडविला. कापडगिरण्या व कोळशाच्या खाणी असलेल्या उत्तरेकडील गावांत ह्या चषकाने रग्बीला लोकखेळाचे रूप दिले. शनिवारी दुपारी गिरण्या लवकर सुटत असल्याने कामगारांना सामने पाहता व खेळता येत. मैदानांना कुंपणे पडली, तिकिटे लागली आणि चांगले खेळाडू मिळविण्यासाठी चढाओढ सुरू झाली. प्रमंडलीय अजिंक्यपद-स्पर्धा १८८९ मध्ये सुरू झाली. पहिल्या आठ वर्षांत यॉर्कशरने ती सात वेळा जिंकली व एकदा शेजारच्या लँकाशरने. खेळाचे बळ कोठे गेले होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स ह्यांच्यातील वार्षिक मालिका १८८३ पासून सुरू झाली. फ्रान्स १९१० मध्ये व इटली २००० मध्ये तीत सामील झाल्यावर तिला अनुक्रमे पाच व सहा राष्ट्रांची स्पर्धा असे नाव पडले. १८८४ च्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यातील एका ट्रायवरून झालेला वाद मिटविण्यास कोणतीच तटस्थ यंत्रणा नव्हती. म्हणून इतर तीन राष्ट्रांनी १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. इंग्लंडने आधी त्यात येण्याचे नाकारले. त्यामुळे १८८८ व १८८९ मध्ये त्याला मालिकेबाहेर राहावे लागले आणि १८९० मध्ये लवादानंतर ते मंडळात आले. सात जणांच्या संघांची छोटी रग्बी ही मात्र एका खाटकाची देणगी होय. स्कॉटलंडमधील मेलरोझ येथील नेड हेग ह्यांनी क्लबला निधी मिळावा म्हणून १८८३ मध्ये ती सुचविली. २०१६ पासून ऑलिंपिक सामन्यांत हाच प्रकार खेळला जातो.

बुडीत मजुरीचा वाद : शनिवारी दूरच्या गावी सामना असला, तर गिरणी वा खाण कामगाराला अर्ध्या वा पूर्ण दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागे. दुखापत झाली तर आठवडेच्या आठवडे घरी चूल पेटण्याची पंचाईत होई. वकील, व्यापारी वा पाद्री ह्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये व्यावसायिकतेस मान्यता दिली आणि थोड्याच काळात कामगारांच्या संघांनी त्या खेळात वर्चस्व मिळविले. ते पाहून रग्बी संघटनेने १८८६ मध्ये कोणत्याही स्वरूपात पैसे घेण्यास बंदी केली. तिची अंमलबजावणी कठोर होती. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघालेल्या ब्रिटिश संघातील हॅलिफॅक्सचा जॅक क्लाउझ ह्याने कपड्यांसाठी १५ पौंड घेतले, एवढ्यावरून त्याला धंदेवाईक ठरविण्यात आले. जहाज सुटले होते. तो दौऱ्यावर गेला, पण त्याला खेळता आले नाही.

खेळाडूंना वेतन न देता निदान बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी, असा ठराव यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी २० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या सर्वसाधारण सभेत मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. विरोधकांनी परोक्ष मतेही मोठ्या प्रमाणात जमविली होती. तडजोडीची आशा संपल्यावर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्झफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील संघांनी ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापन केली व दिवसाला सहा शिलिंगपर्यंत भरपाई मान्य केली. अवघ्या नऊ दिवसांनी तिचे सामने सुरू झाले. पहिले साखळी-विजेतेपद मॅनिंगहॅमने मिळविले. ह्याच संघाने १९०३ मध्ये रग्बी सोडून असोसिएशन फुटबॉल पत्करला व तो ब्रॅडफर्ड सिटी ह्या नावाने प्रसिद्धीस आला. ह्या संघटनेच्या चषकाचा पहिला अंतिम सामना १८९७ मध्ये बॅटलीने जिंकला. प्रेक्षकांना वेगवान खेळ हवा असल्याने नियमही बदलत गेले : १८९७ मध्ये लाइन-आउट रद्द झाली आणि १९०६ मध्ये खेळाडूसंख्या १३ झाली. १९२२ मध्ये संघटनेने ‘रग्बी फुटबॉल लीग’ हे नाव घेतले.

मूळ संघटनेने बाहेर पडलेल्यांवर बहिष्कार घातला. लीगच्या संघातून विनावेतन खेळलेल्यालाही युनियनची दारे बंद झाली. ही तत्त्वनिष्ठा मात्र सर्वत्र सारखी नव्हती. वेल्समध्ये खाणकामगार हेच संघांचे बळ होते. तेथील लोकप्रिय कर्णधार आर्थर गूल्ड ह्यांना १८९७ मध्ये चाहत्यांच्या वर्गणीतून घर भेट देण्यात आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाने आक्षेप घेतला आणि वेल्स मंडळातून बाहेर पडले. वेल्सही दुरावले तर आपणच एकाकी पडू, हे जाणून इंग्लंडच्या संघटनेने गूल्ड ह्यांच्याबाबत अपवाद केला. ह्या कठोरपणाची किंमत तिला द्यावी लागलीच. उत्तरेचे संघ गेल्यावर पुढील दशकात तिच्या सभासद-संघांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली.

इतर देशांतील प्रसार : न्यूझीलंडमध्ये चार्ल्स मन्रो ह्या इंग्लंडमध्ये शिकून परतलेल्या तरुणाच्या पुढाकाराने १४ मे १८७० रोजी नेल्सन येथे पहिला सामना झाला. तेथील मूळ रहिवासी माओरी ह्यांनी हा खेळ लवकर आत्मसात केला. १८८८-८९ मध्ये प्रामुख्याने माओरींचा असलेला एक संघ दौऱ्यावर निघून १०७ सामने खेळला. १९०५ च्या न्यूझीलंड संघाने ब्रिटनमध्ये केवळ वेल्सविरुद्ध ०–३ असा एकच सामना गमावला व ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव रूढ केले. न्यूझीलंडमधील प्रतिष्ठेची रॅन्फर्ली ढाल १९०२ मध्ये बनून आली, तेव्हा तिच्यावर असोसिएशन फुटबॉलचे दृश्य कोरलेले होते. ते दुरुस्त करून घ्यावे लागले. दक्षिण आफ्रिकेत करी चषक (१८९२) सुरू झाला. फ्रान्समध्ये त्याच वर्षी पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला व त्याचे पंच आधुनिक ऑलिंपिकचे प्रणेते प्येअर द कूबेरतँ हे होते. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र क्लबांची राष्ट्रीय चषक-स्पर्धा १९७१-७२ मध्ये आणि साखळी-स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली, म्हणजे कलकत्त्याच्या क्लबने सुचविल्यानंतर सु. एका शतकाने.

जागतिक विजेतेपदाची पहिली स्पर्धा १९८७ मध्ये न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथे झाली आणि न्यूझीलंडने फ्रान्सवर २९–९ अशी मात करून वेब एलिस चषक मिळविला. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये वेल्समध्ये होऊन अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी ती जिंकली. २०२३ पर्यंतच्या पुरुषांच्या दहा स्पर्धांपैकी दक्षिण आफ्रिकेने चार, न्यूझीलंडने तीन, ऑस्ट्रेलियाने दोन व इंग्लंडने एक जिंकली. २६ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरराष्ट्रीय मंडळाने पॅरिस येथे युनियन प्रकारातील खेळाडूंना मोबदला देण्यावरील बंदी उठविली. हडर्झफील्डच्या सभेला त्या वेळी शंभर वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले होते.